आधी क्रिएटिनिन, मग मॅग्नेशियम

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मॅग्नेशियमवरचा लेख वाचला. झोप, पोटऱ्यांतले वांब, बद्धकोष्ठ, चिडचिड, सगळ्यावर एकच उतारा. दुसऱ्या दिवशी तळजाईवर फिरायला गेले, तर आमच्या कट्ट्यावर तिघींच्या फोनमध्ये त्या लेखाचा फोटो आणि चौथीच्या पिशवीत मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा डबा! किती घ्यायचं ते लेखात होतं. कोणी घ्यायचं नाही, याचा एक शब्दही नव्हता. म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, माझ्या दिरांची हकिकत तेवढी ठेवा.

मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून पेटवायची, ‘थेट बघू नका रे’ म्हणून ओरडायचं आणि पोरांनी हटकून तिकडेच बघायचं, एवढीच त्या धातूशी माझी ओळख. जळून उरते ती पांढरी राख म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. हेच ऑक्साइड गोळीत भरून दुकानात मिळतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

कळलं ते वांबांमुळे. पहाटे तीनच्या सुमारास पोटरीत असा गोळा यायचा की आमच्या ह्यांना उठवून पाय ताणून घ्यावा लागायचा. कट्ट्यावरच्या मैत्रिणीने डबा सुचवला. मी आणला आणि विसरायला नको म्हणून थायरॉइडच्या गोळीशेजारीच ठेवला. उठल्या उठल्या उपाशीपोटी दोन्ही गोळ्या एका घोटात. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की चढतो तो आकडा) ३ वरून थेट ११ वर. डॉक्टरांनी डोस ७५चा १०० केला. आणखी काही घेता का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझ्या लेखी ते औषध नव्हतंच मुळी, ‘सप्लिमेंट’ होतं.

चूक सापडली ती आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या केमिस्टला. नव्या डोसची बाटली घ्यायला गेले, सोबत मॅग्नेशियमचाही डबा मागितला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “या दोन्ही एकदम घेत नाही ना?” म्हटलं, घेते की. “मग ती बाटली राहू दे. आधी चार तासांचं अंतर ठेवा आणि पुन्हा तपासा.” मॅग्नेशियम आतड्यात थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवतं, ते रक्तात पुरतं उतरतच नाही. डॉक्टरांना फोन करून सगळं कबूल केलं, मॅग्नेशियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर ढकलली. दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा ३च्या घरात, डोस ७५चाच. पुण्यातल्या दुकानदारांवर एवढे विनोद होतात, पण या गृहस्थांनी माझं वर्ष वाचवलं.

हीच गत काही अँटिबायोटिक्सची होते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर ते मॅग्नेशियमच्या दोन तास आधी तरी घ्यावं, नाहीतर चार ते सहा तासांनंतर. हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्यातून एकदा जी गोळी देतात, तिच्यापासूनही मॅग्नेशियम दोन तास लांब ठेवायचं. जुलाब थांबेनात म्हणून अँटिबायोटिक आणायचं आणि मॅग्नेशियमसोबत घेऊन ते वाया घालवायचं, असं आमच्याच जिन्यात घडलेलं आहे. त्यात ते जुलाब मुळात मॅग्नेशियमनेच लागलेले असू शकतात, ही आणखी गंमत.

आता दिरांबद्दल. ६६ वर्षांचे, २० वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू. दर आषाढी वारीला माउलींची पालखी पुण्यातून निघाली की तिच्याबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत जायचं, हा त्यांचा नेम. गेल्या वर्षी सराव म्हणून रोज पर्वती चढत होते. पाय भरून यायला लागले, तशी कोणीतरी मॅग्नेशियमची पावडर दिली. ‘एक चमचा पाण्यातून.’ चमचा चहाचा की पोह्यांचा, ते कोणी सांगितलं नाही. शिवाय पोट साफ व्हावं म्हणून रात्री ते पांढरं पातळ औषध घेत, आणि जळजळ झाली की दुपारी अॅसिडिटीचं गुलाबी औषध. पांढरं औषध म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. गुलाबीतही अॅल्युमिनियमच्या जोडीला तेच होतं. म्हणजे भावजी तीन वाटांनी एकच गोष्ट घेत होते आणि चौथ्या बाजूला, क्रिएटिनिन (मूत्रपिंड दमलं की रक्तात वाढतं ते) २.९ असा रिपोर्ट फाइलमध्ये पडून होता.

जास्तीचं मॅग्नेशियम शरीराबाहेर काढायचं काम मूत्रपिंडाचं. मूत्रपिंड धडधाकट असेल तर चार गोळ्या जास्त गेल्या तरी बहुतेक वेळा जुलाबावर निभावतं. ते दमलेलं असेल तर मात्र मॅग्नेशियम रक्तात साचत जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण सुरुवातीची लक्षणं म्हणजे मळमळ, सुस्ती, चेहऱ्यावर गरमपणा. आम्हाला वाटलं उन्हाचा त्रास. चौथ्या दिवशी जेवताना त्यांच्या हातून वाटी सुटली. नाडी ४८. “वहिनी, झोप आवरत नाही हो,” एवढंच म्हणाले.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरांनी त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पाय लोंबकळत सोडले आणि रबरी हातोडीने गुडघ्याखाली टकटक केली. एरवी पाय झटकन उडतो. दहावीच्या वर्गात प्रतिक्षिप्त क्रिया शिकवताना हा प्रयोग मी शेकडो वेळा केलाय, पोरं खिदळायची. भावजींचा पाय हललाच नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या पायावर मारून पाहिलं, मग मान वर न करता विचारलं, “मॅग्नेशियमचं काही घेतात का हे?” रक्तातलं प्रमाण साडेसात आलं. साधारण १.७ ते २.४ असायला हवं. शिरेतून कॅल्शियम दिलं, कारण हृदयावरचा मॅग्नेशियमचा परिणाम तेवढ्यापुरता तेच रोखतं, आणि दोनदा डायलिसिस झालं. आणखी चढलं असतं तर श्वास मंदावतो, मग हृदयही थांबू शकतं.

माझी भाची प्रसूती विभागात सिस्टर आहे. तिला हे सांगितलं तर ती हसावं की रडावं अशा चेहऱ्याने म्हणाली, “मावशी, आम्ही मॅगसल्फचा पुढचा डोस गुडघा बघितल्याशिवाय देत नाही!” गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, त्यावर मॅग्नेशियम सल्फेट हे जगभरचं खात्रीचं औषध आहे. इंजेक्शन दर चार तासांनी. पण प्रत्येक वेळी आधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघा उडतो का, मिनिटाला श्वास किती, आणि चार तासांत निदान १०० मिलिलिटर लघवी झाली का. यातली एक जरी बिनसली तरी डोस थांबवायचा, आणि कॅल्शियमचं इंजेक्शन उशाशी तयार ठेवायचं. तिथे हा बंदोबस्त, आणि इकडे पर्वतीच्या पायथ्याशी ‘एक चमचा’!

डब्यावरच्या आकड्यांचंही सांगते. माझ्या डब्यावर समोर ठळक २००० मिलिग्रॅम, मागे भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत शुद्ध मॅग्नेशियम त्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढं. यात फसवणूक नाही, रसायनशास्त्र आहे. ऑक्साइडमध्ये वजनाने मॅग्नेशियमचे २४ आणि ऑक्सिजनचे १६, मिळून ४०, म्हणजे शंभरात ६० भाग मॅग्नेशियम. ग्लायसिनेट हा गोळ्यांतल्या मॅग्नेशियमचा दुसरा प्रकार, त्याचा रेणू लठ्ठ, म्हणून त्यात शंभरात १४च. आता गंमत अशी की ऑक्साइडमध्ये भरपूर असूनही ते अंगी फारसं लागत नाही, आतड्यातच राहून पाणी ओढतं आणि पोट मोकळं करतं. तेव्हा गोळी ५००ची की १०००ची हा प्रश्नच फसवा आहे. मागची ‘एलिमेंटल’, म्हणजे शुद्ध मॅग्नेशियमची, ओळ शोधायची आणि दिवसभराच्या सगळ्या डब्या-बाटल्यांमधली ती बेरीज करायची. निरोगी प्रौढाने पूरक म्हणून दिवसाला जास्तीत जास्त ३५० मिलिग्रॅम घ्यावं, अशी मर्यादा अमेरिकेत १९९७ साली घातली गेली. युरोपवाले २५०वरच थांबतात. ही मर्यादा गोळ्या-पावडरींची आहे, जेवणातल्या मॅग्नेशियमची नाही. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाने तिच्या भरवशावर राहायचंच नाही, त्याला डॉक्टर म्हणतील तेवढंच.

उगाच बागुलबुवा उभा करायचा नाही मला. कमतरता खरी असते. वर्षानुवर्षं पाणी काढणाऱ्या गोळ्या घेणारे, रोज दारू पिणारे, साखर आटोक्यात नसलेले, लांबलेल्या जुलाबाचे रुग्ण यांच्यात ती दिसते. सकाळी उपाशीपोटी घ्यायची अॅसिडिटीची गोळी वर्षाहून जास्त चालू राहिली तर रक्तातलं मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११मध्येच दिला आहे. आमच्या कट्ट्यावर ही गोळी न घेणारी मी एकटीच. मिसळ सुटत नाही, गोळी सुटत नाही, मग मॅग्नेशियमची तिसरी गोळी! त्यापेक्षा ‘अॅसिडिटीची गोळी अजून लागते का हो?’ एवढं डॉक्टरांना विचारलं तर पैसेही वाचतील. मनाने मात्र बंद करू नका.

आणि वांब? २०२०मध्ये कॉक्रेन या संस्थेने आजवरचे प्रयोग एकत्र तपासून सांगितलं की वयस्करांच्या वांबांवर मॅग्नेशियमचा लक्षात येण्याजोगा उपयोग होण्याची शक्यता कमीच. वाचून मी खट्टू झाले, कारण मला गुण आला होता असं मी छातीठोक सांगत होते. आता आठवतं, त्याच सुमाराला झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायला लागले होते. श्रेय कोणाला द्यायचं?

नुसतं जेवणातून हवं असेल तर आपल्याकडे वानवा नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे १४० मिलिग्रॅम, बाजरीत १२०च्या आसपास, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात २०सुद्धा नाही. तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया वेगळ्या.

संपादक महोदय, आपल्याकडून दोनच अपेक्षा. असा लेख छापताना सोबत चौकट द्या: मूत्रपिंडाचा विकार असेल, नाडी मंद असेल, थायरॉइडची, हाडांची किंवा पोटॅशियम राखणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टर. आणि साठीपुढच्या वाचकांना तेवढं क्रिएटिनिन बघायला सांगा. सोपी, स्वस्त तपासणी आहे, आणि मधुमेहाच्या कितीतरी फायलींमध्ये रिपोर्ट आधीच लावलेला असतो. आमच्याही होताच की. तो उघडून बघितला असता तर पावडर घरात आली नसती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे

ता. क. : भावजी आता बरे आहेत. गुडघा उडतो, मी स्वतः हातोडी आणून बघितलं. यंदा दिवे घाट गाडीने चढायचं त्यांनी कबूल केलंय, पण सासवडला उतरल्यावर काय करतील ते माउली जाणे.