काढलेला पार्ट ग्राहकाच्या हातात द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महालात माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, शोधप्रबंध, कोर्टाचे अर्ज अशी कामे असतात. ऐन लग्नसराईत डेस्कटॉपने दगा दिला. बटण दाबले की पंखा फिरायचा, दिवे लागायचे, पण मॉनिटर काळाच. दुरुस्तीवाल्याने सीपीयूचे झाकणही न उघडता निकाल दिला : "मदरबोर्ड गेला ताई, बदलवाच लागते. फॉरमॅटही मारून देतो."

मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी, आणि फॉरमॅट म्हणजे हार्डडिस्क पुसून काढणे. माझा आक्षेप या दुसऱ्या वाक्याला आहे. बटण दाबल्यावर संगणक आधी प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले यांची स्वतःच तपासणी करतो. ती पार पडल्यावर हार्डडिस्कवरच्या विंडोजची पाळी येते. पडद्यावर कंपनीचा लोगोसुद्धा उमटत नसेल, तर हार्डडिस्कचा नंबर लागलेलाच नाही. मग ती पुसून काय साधणार? याउलट लोगो येऊन 'बूट डिव्हाइस (म्हणजे विंडोज जिथून सुरू होते ती डिस्क) सापडत नाही' असे दिसत असेल, तर मदरबोर्डवर लगेच आळ घ्यायचे कारण नाही. पेनड्राइव्ह लावून राहिला आहे का, हार्डडिस्कची साटा केबल ढिली आहे का, हे आधी पाहावे. तारीख काही वर्षे मागे गेली असेल तर बोर्डावरचा सीआर 2032 सेल संपला असणार. तो संपला की बायोसमधल्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधल्या) सेटिंग मूळपदावर जातात आणि कधी कधी धडधाकट विंडोजही सुरू होत नाही. हा सेल किराणा दुकानातही मिळतो.

मी सीपीयू घरी आणला. पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या भाच्याने प्लग काढला, बटण थोडा वेळ दाबून धरले, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि रॅमच्या काड्या काढल्या. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, माझ्या दुकानात त्याचा झोत नेमका सीपीयूवर. ओल्या हवेने धूळ उडायच्या ऐवजी चिकटते. स्लॉटच्या कडेला तिचा करडा थर बसला होता, ब्रशने हलेना. भाच्याने काड्यांचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलके घासले, एकच काडी 'टक्' आवाज येईपर्यंत बसवली आणि लोगो आला. दुसरी लावल्यावरही आला. मदरबोर्ड शाबूत होता.

फॉरमॅट होऊ दिला असता तर? पत्रिकांचे जुने साचे श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, मजकूर पेजमेकरमध्ये. ते सगळे पुन्हा बसवायचे म्हणजे हंगाम गेलाच. माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीची तर प्रबंधाची दोन प्रकरणे दुसरीकडे अशाच न विचारता मारलेल्या फॉरमॅटमध्ये गेली. हार्डडिस्क चांगली असेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि फायली आधी उतरवून घेता येतात. दुरुस्तीवाल्यांना हे ठाऊक नाही, असे कसे म्हणू?

सगळेच तसे नाहीत. सीताबर्डीला एक कारागीर ग्राहकासमोर कॅबिनेट उघडतो आणि बोर्डावरचे फुगलेले कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बोटाने दाखवतो. बोर्ड खरेच जातो, मृगातल्या विजांनी तर हमखास. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) मात्र कोणी घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहते.

मागणी एवढीच की, मशीन ठेवून घेताना ते कुठे अडते हे पावतीवर लिहावे : लोगो येतो की नाही, बीप वाजते की नाही, रॅम किती जीबीची. (8 ची काडी काढून 4 ची लावली तर किती जणांना कळेल?) फॉरमॅटसाठी ग्राहकाची लेखी संमती घ्यावी. बदललेला जुना पार्ट परत द्यावा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, तरी "बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा लागन" हे उत्तर नेहमीचेच. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, पण हातात कागदच नसेल तर तक्रार मांडायची कशाच्या जोरावर?

— एक डीटीपी व्यावसायिक, महाल, नागपूर