‘अवांतर’ वाचनाबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किशोरवयीन मुलांना लागलेल्या डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्यकाळ रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांच्या वेडाबद्दल कालच्या रविवार पुरवणीत जो चिंतातुर लेख आला आहे, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चहाबरोबर आणि दुसऱ्यांदा, लेखकमहाशयांनी यांपैकी एखादे पुस्तक निदान उघडून पाहिल्याची खूण कुठे सापडते का हे शोधण्यासाठी. ती सापडली नाही. त्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. माझ्या नातीचे पुस्तक ज्यांनी जप्त केले, त्यांचाही हेतू चांगलाच होता.

नात यंदा दहावीला आहे, म्हणजे आमच्या घरात जूनपासून टीव्ही हळू आवाजात चालतो आणि पाहुण्यांना आधी फोन करून यावे लागते. संध्याकाळी ती क्लासच्या अभ्यासिकेत बसते. मागच्या महिन्यात एके दिवशी साडेसहाच्या सुमारास पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक छायाचित्र आले. छताच्या कोपऱ्यातून घेतलेले, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. दिसत होता तो केसांचा भांग, एक वेणी आणि भूमितीच्या पुस्तकाच्या पोटात उघडून ठेवलेले दुसरे, जाडसर पुस्तक. त्याभोवती लाल वर्तुळ काढलेले होते. खाली मजकूर होता : ‘अवांतर वाचन. पालकांनी नोंद घ्यावी.’ आणि शेवटी हात जोडल्याचे चिन्ह. पाच मिनिटांत चौदा पालकांनी अंगठे उंचावले. सूनबाईंना रडू कोसळले. नात घरी आली, तिने ते छायाचित्र शांतपणे मोठे करून पाहिले आणि म्हणाली, “आजोबा, कॅमेरा नेमका कुठे आहे ते आज कळलं.”

पुस्तक परत आणायला दुसऱ्या दिवशी मी गेलो. व्यवस्थापक तरुण आणि अत्यंत अदबशीर. त्यांनी मला चहा पाजला आणि मुलांचे मोबाइल ठेवलेल्या खणातून पुस्तक काढून दिले. “काका, वाचायला आमची ना नाही, पण एवढा मार्च जाऊ द्या,” असे ते म्हणाले आणि पुस्तक कशाबद्दल आहे, असेही त्यांनी सहज विचारले. मी सांगितले, की एका देशात काही मुले निवडून त्यांची जीवघेणी स्पर्धा लावतात, त्यांच्यावर सतत कॅमेरे असतात आणि बाकीच्यांना ती घरबसल्या पाहावी लागते. त्यावर ते कळवळून म्हणाले, “मग असलं मुलांच्या हातात देताच कशाला?”

ते पुस्तक होते ‘द हंगर गेम्स’, सुझान कॉलिन्स यांचे, 2008 सालचे. रस्त्यात वेळ होता म्हणून मी ते रिक्षातच उघडले आणि पुढच्या चार दिवसांत संपवले. आपल्या लेखकांना त्यात फक्त हिंसा दिसली असती, आणि ती आहेच. पण नातीने मला सर्वांत आधी समजावून सांगितली ती स्पर्धेसाठी मुले निवडण्याची चिठ्ठ्यांची पद्धत. बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, असे करत अठराव्या वर्षी सात. मात्र घरात खायला नसेल, तर एका माणसाचे वर्षभराचे धान्य आणि तेल मिळते आणि त्या बदल्यात नावाची एक जास्तीची चिठ्ठी टाकावी लागते. “म्हणजे रेशनच की,” मी म्हणालो. “रेशनच, पण त्याची चिठ्ठी दरवर्षी साठत जाते,” ती म्हणाली आणि तिने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवले : नायिका आई, धाकटी बहीण आणि स्वतः अशा तिघींचे धान्य उचलते, म्हणून सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या होतात, त्याच वयाच्या खात्यापित्या घरातल्या मुलीच्या फक्त पाच. ‘संभाव्यता’ हे प्रकरण याच मुलीला अवघड जाते, अशी क्लासची तक्रार आहे. अन्याय नियमाच्या भाषेत कसा लिहितात आणि तो लिहिणारे लोक किती सभ्य असतात, हे पंधराव्या वर्षी कळणे म्हणजे लेखातले ‘मन काळवंडणे’ असेल, तर माझे मन कळायला लागल्यापासूनच काळवंडलेले आहे.

लेखात हे वेड ‘पाश्चात्त्यांकडून आलेले’ म्हटले आहे. माझी आजी चातुर्मासात पंचवटीत पुराणाला जात असे आणि मला बरोबर नेत असे. भागवताच्या बाराव्या स्कंधातील कलियुगाचे वर्णन आले, की आम्ही मुले खांबांमागून पुढे सरकत असू. राजे दरोडेखोर होतील, करांनी गांजलेली प्रजा डोंगरात पळून पाने आणि कंदमुळे खाईल, माणसाचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे होईल, ढगांत विजाच उरतील, घरे ओस पडतील आणि गायी शेळ्यांएवढ्या होतील. त्या रात्री मी गोठ्यात जाऊन आमच्या गायीच्या पाठीला हात लावून पाहिला होता, की उंची कमी तर झाली नाही ना. भीती वाटली, हे खरेच, पण दुसऱ्या दिवशी आजीने “येतोस का?” असे विचारायच्या आत मी चपला घालून ओट्यावर उभा होतो. त्या पुराणिकबुवांवर कुणी लेख लिहिल्याचे मला आठवत नाही. (आणि पाश्चात्त्यच म्हणायचे, तर या प्रकारातल्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचा लेखक जॉर्ज ऑर्वेल याचा जन्म 1903 मध्ये बिहारमधल्या मोतिहारीचा, हेही जाता जाता नोंदवतो.)

अशी पुस्तके वाचून मुले हताश आणि निष्क्रिय होतात, हा लेखातला दुसरा सिद्धांत. थायलंडमध्ये मे 2014 मध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा निषेध करणाऱ्यांनी ‘हंगर गेम्स’च्याच कथेतली तीन बोटे उंचावण्याची खूण उचलली आणि ती केली म्हणून लोकांना ताब्यात घेतले गेले. हताश माणसाच्या बोटांना कुठलेच सरकार एवढे घाबरत नसते.

नातीला याहून जास्त आवडलेले पुस्तक वेगळेच आहे. लोइस लॉरी यांचे ‘द गिव्हर’, 1993 सालचे. त्यात रक्तपात फारसा नाही. एक नीटनेटके, सुखी गाव आहे. तिथे मूल बारा वर्षांचे झाले, की वडीलधाऱ्यांची समिती सर्वांदेखत त्याचे आयुष्यभराचे काम जाहीर करते आणि सगळे टाळ्या वाजवतात. ते वाचून तिने बापाला फक्त एवढेच विचारले, की आठवीत असताना तिचे नाव क्लासच्या ‘फाउंडेशन’ वर्गाला घातले, त्या बैठकीला कोण कोण हजर होते. चिरंजीव पेपर वाचत राहिले. तो आपलाच पेपर होता.

त्यावरून आठवले. कालचा लेख मी कापून ठेवायला घेतला आणि कागद उलटा केला, तर मागे एका क्लासची पानभर जाहिरात होती. टपाल तिकिटाएवढे शंभरेक चेहरे, प्रत्येकाखाली नाव आणि पर्सेंटाइल, मधोमध मोठ्या अक्षरांत ‘पुढचा नंबर तुमचा!’. लेखकाने पुढच्या बाजूला ज्या काळोखाची काळजी वाहिली आहे, त्याचे चित्र मागच्या बाजूला चार रंगांत छापण्याची कल्पना आपली की जाहिरात विभागाची, हे कळल्यास बरे होईल. याच पानावर पूर्वी दर रविवारी पुस्तकांचे परीक्षण येत असे. ते जागेअभावी बंद झाल्याचे आपण मला गेल्या वर्षी कळवले होते. जागा कुठे गेली, ते आता समजले.

पत्र छापल्यास कृपया माझे नाव देऊ नये. नातीला त्या अभ्यासिकेत मार्चपर्यंत बसायचे आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
इंदिरानगर, नाशिक