अल्फा ०.९२ आणि पार्टीचा जीव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कलचाचणीवरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, कारण रविवारी रागाच्या भरात एखादे वाक्य नजरेतून सुटले असेल अशी शंका आली. सुटले नव्हते. प्रश्नावलीचा अल्फा (तिची विधाने एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.९२ आहे, म्हणजे निष्कर्ष ९२ टक्के अचूक, असे तुमच्या प्रतिनिधीने खरोखरच लिहिले आहे आणि आपण ते चौकटीत, ठळक अक्षरांत छापले आहे. चौकट सुबक होती, हे मान्य.

याच जातीची एक प्रश्नावली दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरी येऊन गेली. नात नववीत आहे. शाळेने (नाव घेत नाही, तिला अजून एक वर्ष तिथे काढायचे आहे) पैसे घेऊन सगळ्या वर्गाची चाचणी करवली. बेचाळीस विधाने, प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच वर्तुळे आणि आठवड्याभरात गुळगुळीत कागदावर चौदा पानी रंगीत अहवाल. त्यात मुलीच्या स्वभावाचे सात पैलू. 'संवाद' या पैलूत तिला शंभरपैकी ३१ गुण आणि खाली सल्ला : लोकसंपर्काची क्षेत्रे टाळावीत.

ही मुलगी गेल्या वर्षी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली. घरात तिला गप्प बसवायला आम्ही तिघे लागतो. तिची आई मात्र अहवाल हातात घेऊन दोन दिवस कोमेजलेली. छापील कागदावर मराठी माणसाचा फार विश्वास, त्यात तो रंगीत.

मी विधानांचा कागद मागवून घेतला. तिसरे विधान : 'मी पार्टीचा जीव आहे.' नातीला विचारले, काय खूण केलीस? म्हणाली, "पूर्ण असहमत. आजोबा, आपण कुठल्या पार्टीत आहोत?" आमच्या गल्लीत पार्टी म्हणजे निवडणुकीत जीप घेऊन येते ती. मूळ इंग्रजी विधान 'आय ॲम द लाइफ ऑफ द पार्टी' असे आहे, म्हणजे 'मी असलो की बैठकीत रंग भरतो'. गोल्डबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पन्नास विधानांच्या यादीतले ते पहिलेच. ही यादी सर्वांना फुकट वापरता येते, त्यामुळे वापरणारे मोफतच अनुवादही करतात. त्याच यादीत 'हॅव लिटल टू से' असे एक आहे, म्हणजे 'मला फारसे काही बोलायचे नसते'. आमच्या कागदावर त्याचे झाले होते, 'माझ्याकडे सांगण्यासारखे थोडे आहे.' पोरीने ठणकावून 'पूर्ण सहमत' केले. तिच्याकडे सांगण्यासारखे नेहमीच थोडे काहीतरी असते! यंत्राने त्याचा अर्थ लावला, मुलगी अबोल. सहापैकी दोन विधाने अशी उलटी पडल्यावर ३१ गुण मिळाले हेच नवल.

पुढची गंमत म्हणजे चाचणीच्या दिवशी सर्व्हर पडला होता, म्हणून निम्म्या वर्गाला आठ दिवसांनी पुन्हा बसवले आणि चुकून दोन्ही अहवाल घरी आले. दुसऱ्या खेपेला बाईंनी वर्गात सांगून टाकले होते, पार्टी म्हणजे वाढदिवसाची. संवाद ३१ वरून ४४. आठ दिवसांत मुलीचा स्वभाव बदलला नव्हता. तीच चाचणी त्याच मुलांना दोनदा देऊन, म्हणजे चाचणी-पुनर्चाचणी पद्धतीने, विश्वसनीयता (पुन्हा मोजले तरी तेच उत्तर येते का) काढायला अभ्यासक शंभर मुले शोधत फिरतात, आमच्याकडे ती घरपोच आली.

आता त्या ०.९२ बद्दल. मी १९८७ साली एम.एड.च्या प्रबंधासाठी अभ्याससवयींवर चाळीस विधानांची सूची केली होती. संगणक नव्हता. एकशे वीस मुलांचे कागद, सम आणि विषम विधानांची वेगवेगळी बेरीज, कार्बन लावून केलेले तक्ते, आणि बायकोने वाचून दाखवलेले आकडे. दोन अर्ध्यांतला सहसंबंध ०.५४ आला, तो अर्ध्या सूचीवरून पूर्ण सूचीची विश्वसनीयता काढणाऱ्या स्पिअरमन-ब्राउनच्या सूत्रात घातला की पूर्ण सूचीचा ०.७० होतो. मी आनंदाने मार्गदर्शकांकडे पेढे घेऊन गेलो. ते म्हणाले, "पेढे ठेवा तिकडे. सतरावं विधान वाचा." सतरावे होते, 'माझी अभ्यासाची वेळ ठरलेली असते.' तिथे एका मुलाने खुणेशेजारी पेन्सिलने लिहिले होते, 'लाईट असेल तर.' सरांनी मग मुले गावाप्रमाणे वेगळी करायला लावली. ज्या गावात संध्याकाळी वीज जायची, तिथल्या मुलांच्या सवयी वाईट निघाल्या होत्या. माझी सूची सवयी मोजत नव्हती, विजेचे वेळापत्रक मोजत होती. तेही बऱ्यापैकी विश्वसनीयपणे.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) यांतला फरक मला त्या दिवशी कळला. पुस्तकात आधी चारदा वाचला होता.

अल्फा म्हणजे विधाने एकमेकांशी किती जुळतात एवढेच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅकने १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि तेव्हापासून सगळे जग ते सूत्र लावत सुटले. 'मला गर्दी आवडते', 'मला गर्दीत राहायला आवडते', 'गर्दीत मला बरे वाटते' अशी एकच गोष्ट दहा वेळा विचारा, अल्फा फुगतो. यादी नुसती लांबवली तरी फुगतो : ०.७० ची कसोटी त्याच दर्जाच्या विधानांनी चौपट केली की ०.९०. म्हणजे अधिक अचूक प्रश्न विचारल्याशिवायही आकडा वाढवता येतो, दुधात पाणी घालून लिटर वाढवावेत तसा.

शिवाय ०.९२ हा सगळ्या बेचाळीस विधानांचा मिळून. पण अहवालात बेचाळीसची एकत्र बेरीज आहेच कुठे? आहेत सात पैलू, प्रत्येकी सहा विधानांचे. सगळी विधाने सारखीच गुंफलेली मानून स्पिअरमन-ब्राउनच्याच सूत्राने उलटे आलो, तर सहा विधानांच्या तुकड्याची विश्वसनीयता ०.६२ च्या आसपास उतरते. आणि पैलू खरोखरच सात वेगवेगळे असतील, तर त्या सगळ्यांचा एक अल्फा काढणे म्हणजे गहू, तूर आणि खोबरेल तेल एकाच तागडीत. सात आहेत की तीन, की एकच, हे घटक विश्लेषण करून दाखवावे लागते. उत्तरांत तशा मोळ्या बांधल्या जातात का ते पाहावे लागते. अहवालात त्याबद्दल अक्षर नाही, सात रंग मात्र आहेत.

या ०.६२ वर, सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) १० धरले तर, मिळालेल्या गुणांभोवती प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजण्यातली नेहमीची चूक, सहा गुणांची. म्हणजे कलेत ५८ आणि वाणिज्यात ५२ मिळालेल्या मुलाला 'कलेकडे जा' म्हणणे हे नाणेफेकीपेक्षा फार वेगळे नाही, फक्त नाण्याला चौदा पाने लागत नाहीत. क्रॉनबॅकच्या मृत्यूनंतर, २००४ मध्ये त्याचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यानेच म्हटले आहे की कसोटीबद्दल सांगण्यासारखी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अल्फासारखा गुणक नव्हे, मोजमापाची प्रमाण त्रुटी. ज्याचे सूत्र त्यालाच ते पुरेसे वाटत नव्हते, आपल्या पुरवणीला मात्र पुरले.

आणि ०.७० ला 'मान्य पातळी' म्हणायचीही सवय आहे. नन्नली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९७८ च्या पुस्तकातून तो आकडा सगळे उचलतात, पण तिथे तो संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे. एका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा तर किमान ०.९० आणि खरे तर ०.९५ हवे, असे तोच पुढे लिहितो. पुढचे पान वाचायचा कंटाळा सार्वत्रिक असावा.

आपल्याकडे हे कुणी नीट केलेच नाही असेही नाही. धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामतांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची बुद्धिकसोटी घेतली, ती कानडी आणि मराठी मुलांवर वापरून पाहिली, इथल्या मुलांची मानके बसवली. त्यांचे पुस्तक १९४० चे. तेव्हा कामतांना इथली मुले सापडली. आज एका शाळेत पन्नास मुले बसवून 'पार्टीचा जीव म्हणजे काय रे?' एवढे विचारायला या लोकांना जमत नाही.

संबंधित संस्थेने अनुवाद कुणी केला, मराठी माध्यमाच्या किती मुलांवर तपासला आणि प्रत्येक पैलूची प्रमाण त्रुटी किती, हे जाहीर करावे. आपणही पुढच्या रविवारी ती चौकट दुरुस्त करून छापावी. आणि माझे हे पत्र छापताना 'नाही' गाळू नयेत. मागच्या पत्रात मी एस.टी. थांब्याला विरोध नाही असे लिहिले होते, तुमच्याकडे 'नाही' जागेअभावी गेला आणि आठवडाभर मी गावात थांब्याचा शत्रू म्हणून फिरलो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कराड

ता. क. पुरवणीसोबत आलेली वाचक-पाहणीही भरली. 'आमचा अंक कसा वाटतो?' या प्रश्नाला पर्याय होते : उत्कृष्ट, उत्तम, चांगला. मी चौथे वर्तुळ हाताने काढून त्यावर खूण केली आहे. ते मोजावे.