चतुर्थीचा बाजार : डोंबिवलीच्या मित्राला पत्र

देवगड,
श्रावण वद्य सप्तमी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर चतुर्थीच्या खर्चाचा विषय निघाला आणि तू एकदम पावसापाण्याचं विचारायला लागलास. वहिनी शेजारीच बसल्या असणार. म्हणून लिहितोय, सवडीने वाच. पाच महिने पगार नाही, घर चार वर्षांनी उघडणार, वर भावाची मंडळी येणार. पोटात गोळा येणारच. पण गणपती दीड दिवसांवर आणायचं मनात घोळवतोयस ते सोड. पाच दिवसांचा आहे तो पाच दिवसांचाच राहू दे. खर्च देवाचा होत नाही रे, आपल्या भिडेचा होतो.

गेल्या वर्षी मी दुकानदाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. घरात तेरा माणसं, पाच दिवस. तांदूळ-नारळ घरचे असूनही १४ हजार गेले. अनंत चतुर्दशीनंतर चिठ्ठ्या घेऊन बसलो. साखर ६ किलो! आम्ही मोदकांना घाबरत होतो, शुगर असल्यामुळे आईला तर अर्धाच देत होतो. पण मोदकात गूळ. मग साखर गेली कुठे? चहात. घरचे आणि भजनवाले धरून दिवसाला ऐंशी कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे पाच दिवसांत ४ किलो. यंदा पातेल्यात साखर निम्मी, आणि डबा बाजूला. ज्याला हवी त्याने घालून घ्यावी. उठून घालायला कुणी जात नाही, बघ तू.

तेलाचंही तेच. ५ लिटरचा कॅन तिसऱ्या दिवशी उपडा केला, कारण रोज वडे. यंदा वडे एकदाच, गौरीच्या जेवणाला. बाकी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चिमूटभर मेथी; तव्याला कांदा फिरवण्यापुरतं तेल. सांबाऱ्याचं वाटप, म्हणजे वाटण, मात्र चांगलं भाजून घे, तिथे घाई केलीस तर चव गेली. वाटाणे आदल्या रात्रीच भिजव, नाहीतर सकाळी गॅस जळतो आणि ते दगडासारखेच राहतात.

ऋषिपंचमीला तर तुझा खिसा आपोआपच वाचतो. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातलं खायचं: अळू, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, लाल माठ, सुरण, मक्याचं कणीस. तेलाचा थेंब नाही, फोडणी नाही. ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि आंबटाला आंबाडे. तुझं परस चार वर्षं मोकळं पडलंय हे खरं, पण मागच्या पन्हळीखाली अळू माजलंय, मी परवाच पाहिलं. शिराळी-पडवळ आमच्या मांडवावरची ने. विकत आणायची ती कणसं. मोठं पातेलंभर कर. दुसऱ्या दिवशी ती भाजी जास्त चांगली लागते आणि त्या दिवशीचा स्वयंपाकही वाचतो.

मोदकांत काटकसर करू नकोस. एका नारळाचे अकरा मोदक धर. तुम्ही नऊ जण, तीन नारळ पुरेत. नारळ आमच्याकडचे, त्यावर वाद नको. पिठी रेशनच्या तांदळाची नको, पारी चिरते. वासाचा तांदूळ धुऊन सावलीत वाळवून मी माझ्याबरोबरच गिरणीत देतो, कारण आदल्या आठवड्यात तिथे पिशव्यांची रांग रस्त्यापर्यंत येते.

गेल्या वर्षीची फजिती सांगतो. आईची शुगर म्हणून मी शहाणपणा केला आणि नाचणीचे मोदक केले. अर्धे वाफेवरच फुटले. उरलेले आईने पाहिले आणि म्हणाली, "देवाक ह्यो काळो मोदक? आधी तूच खा." खाल्ले, घशात अडकले. नाचणी वाईट नाही. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनीच सांगितली आहे. पण तिची जागा सकाळच्या भाकरीत, नैवेद्यात नाही. आता आई एक अख्खा मोदक खाते, तूप घालून, गरम. त्या जेवणाला भात मात्र डावभरच घेते.

तुझ्या बाबांच्या बीपीचं विचारलंस. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट चमचाभर, तोही सगळ्या जेवणांत मिळून. आमटी अळणी करू नकोस, मी केली होती, आमचे काका ताटावरून उठायचेच बाकी होते. त्यापेक्षा पापड, लोणचं आणि सांडगी मिरची त्यांच्या पानात वाढूच नकोस. सोलकढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या तयार रसाची, करशील तर आगळात आधीच मीठ असतं, हे लक्षात ठेव. आमसुलं भिजवून केलीस तर मीठ तुझ्या हातात राहतं. आणि थंड पेयांच्या त्या मोठ्या बाटल्या? नको.

भजनवाल्यांची तुला जास्त धास्ती, मला माहीत आहे. पंचवीस माणसं, फरसाण, मिठाईचे बॉक्स. अरे, बुवा रात्री अकराला तुझ्याकडे पोचतात तेव्हा चार घरांचं फरसाण खाऊन त्यांच्या घशाची साल निघालेली असते. गरम उसळ आणि एकेक पाव दे. मागून घेतात की नाही बघ.

रेशनवरचा आनंदाचा शिधा २०२२च्या दिवाळीपासून सुरू झाला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल मिळायचं. पण तो धरून हिशेब मांडू नकोस. आला तर आला. मी यंदा आमचा आकडा ८ हजारांवर बांधलाय. तुमचं तांदूळ-भाजी आमच्याकडून धरली तर ५ हजारांत बसायला हवं. वाण्याला मी सांगून ठेवतो, पैसे दिवाळीला दे. त्याला तुझं नाव सांगणार नाही, माझ्याच वहीत लिहायला सांगतो.

माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, बांधलेलं तवसं (मोठी काकडी) विसर्जनानंतर कुणाला देऊन टाकू नकोस. गूळ, रवा घालून त्याचं धोंडास कर, पोरं केक विसरतील. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुरमईच्या नादाला लागायचं नाही. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, तोवर बांगडा बऱ्यापैकी उतरलेला असतो. तिरफळं घालून त्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, मी करीन. वहिनींना सांग, त्या दिवशी तुमच्याकडे चूल पेटवायची नाही.

तिकीट झालं का? कणकवलीला गाडी किती वाजता पोचते ते आदल्या दिवशीच कळव, म्हणजे आंबोळ्यांचं पीठ रात्री वाटून ठेवता येईल. घराची किल्ली माझ्याकडे आहे. दोन कौलं फुटली होती, ती बदलून घेतली.

तुझा,
वरच्या वाडीतला