गणपतीच्या कार्यक्रमाचं बजेट – रविवारच्या मीटिंगआधी वाचा

नमस्कार मंडळी, यंदा सांस्कृतिक कार्यक्रमाचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि मग डेकोरेशनचं बघायचं, असं माझं स्पष्ट मत आहे. दरवर्षी मखर, लायटिंग, जेवण सगळं झालं की उरलेल्या पैशात कलाकार शोधतो आपण, आणि मग जो मिळेल तो. मागच्या वर्षी गायिका खरंच सुंदर गात होती पण साउंड स्वस्तातला घेतला, मॉनिटर स्पीकरच नव्हता, बिचारीला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, तबल्याचा माइक दोनदा बंद पडला आणि मागच्या रांगेतल्या आज्या अर्ध्यातून उठून गेल्या. फार वाईट वाटलं मला.

कोटेशन घेताना फक्त मानधन विचारू नका. साउंड, लाइट, जनरेटर, वादकांचा प्रवास, जेवण हे त्यात धरलंय की वेगळं, ते लेखी घ्या, अॅडव्हान्स दिला की पावती घ्या. आणि हो, रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो, सूट काही ठरावीक दिवसांनाच असते, म्हणून 7 ला म्हणजे 7 लाच सुरू करायचं. नाहीतर अडीच तासांचे पैसे देऊन दीड तासच ऐकायला मिळतं.

माझ्या मते दोन दिवस भाड्याचे कार्यक्रम ठेवण्यापेक्षा एकच दिवस चांगला ठेवू, दुसऱ्या दिवशी आपल्या मुलांची नाटुकली आणि भजन. वर्गणी शनिवारपर्यंत द्या प्लीज, तारीख पक्की करायला अॅडव्हान्स लागतोय.