‘ताबा सुटला’ म्हणजे नेमके काय सुटले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुचाकीच्या अपघाताची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असते, ‘भरधाव दुचाकीवरील ताबा सुटल्याने’. अपघात धुळ्याजवळचा असो, एरंडोलचा असो की मुक्ताईनगरचा, वाक्य तेच. वाचणाऱ्याला वाटते, पोराने जोरात पळवली, हँडल हातातून निसटले आणि पडला. खरे तर हँडल बहुतेक वेळा शेवटपर्यंत घट्ट धरलेले असते. सुटते ती टायरने रस्त्यावर धरलेली पकड. ती का सुटते हे कळायला चाकाचे एक कोडे आधी उलगडावे लागते. दुचाकी दुरुस्त करणारे आणि शाळेत विज्ञान शिकवणारे आम्ही काही जण त्यासाठीच हे पत्र लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण त्यातले आकडे गाळू नयेत ही विनंती.

कोडे असे. गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली आहे. टायरचा जो भाग या क्षणी रस्त्याला टेकला आहे, त्याचा वेग किती? बहुतेक जण १०० सांगतात. बरोबर उत्तर शून्य. त्याच क्षणी टायरचा माथा २०० ने पुढे चाललेला असतो, आणि एक्सल तेवढा १०० ने. कारण चाकाला एकाच वेळी दोन गती असतात. सगळ्या गाडीबरोबर ते १०० ने पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरताना त्याचा काठही १०० ने फिरतो. माथ्यावर या दोन्ही गती एकाच दिशेच्या म्हणून बेरीज होते. तळाशी त्या एकमेकींविरुद्ध, म्हणून वजाबाकी होऊन काहीच उरत नाही.

पटत नसेल तर पत्र्याचा एक गोल डबा टेबलावर आडवा करा. त्याच्यावर फूटपट्टी ठेवा, बोटाने हलकी दाबा आणि पुढे ढकला. डबा घसरता कामा नये, गडगडत गेला पाहिजे. डबा १० सेंटिमीटर पुढे जाईल तेव्हा पट्टी २० सेंटिमीटर गेलेली दिसेल. पट्टी डब्याच्या माथ्याच्या वेगाने जाते, तळ टेबलाच्या वेगाने, म्हणजे जागच्या जागी. चालत्या बैलगाडीचा फोटो रस्त्याच्या कडेला उभे राहून काढला तरी हेच दिसते. चाकाचे खालचे आरे स्वच्छ येतात, वरचे पुसट.

आता भुसावळला चला. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने जी कड असते, ती रुळाच्या माथ्याखाली साधारण २८ मिलिमीटर उतरलेली असते. चाक टेकते रुळाच्या माथ्यावर, म्हणजे तिथे वेग शून्य. मग त्याखालच्या कडेचा वेग शून्याच्याही खाली जातो, ती उलटी धावते. डब्याचे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे धरले तर १०० च्या वेगात कडेचे टोक ताशी ६ किलोमीटरने मागे जात असते. मुंबईकडे निघालेल्या गाडीच्या प्रत्येक चाकाचा थोडासा भाग त्या क्षणी नागपूरकडे चाललेला असतो. शाळेत हे सांगितले की मुले वाद घालतात, कागदावर वर्तुळे काढतात. विज्ञानाच्या तासाला याहून चांगले काही घडत नाही.

चाकांविषयीचे हे कुतूहल आपल्या भागाला नवे नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पारा भरलेल्या आऱ्यांचे, आपोआप फिरत राहणारे चाक वर्णिले आहे. असे चाक चालत नाही हे आज आपल्याला ठाऊक आहे, पण प्रश्न मोठा होता. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा, जिथून कन्नडचा घाट फार लांब नाही.

आता फटफटीकडे. मागे १८ इंची रिम आणि ८०/१०० चा टायर असलेली साधी गाडी घेतली तर चाकाचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर येतो. १०० च्या वेगात ते सेकंदाला १४ फेऱ्या मारते. म्हणजे टायरचा प्रत्येक ठिपका सेकंदात १४ वेळा रस्त्यावर येतो, टेकतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा २०० च्या वेगाकडे झेपावतो. रिमच्या काठावर १० ग्रॅमचा चिखल वाळून बसला असेल तर या वेगात तो जवळजवळ दोन किलो वजनासारखा चाकाला बाहेर ओढतो. हँडल थरथरते ते यामुळेही. चाक धुऊन बघावे, तरी थरथर राहिली तर बॅलन्सिंग, बेरिंग आणि हँडलचा कोनसेट तपासावा.

रस्त्याला टेकलेला भाग असतो तरी केवढा? स्वारासकट दोनशे-सव्वादोनशे किलोची गाडी दोन तुकड्यांवर उभी असते. मागचा साधारण ६५ चौरस सेंटिमीटरचा, पुढचा ४५ चा. बोटे सोडून नुसता तळहात धरा. ब्रेक लागतो तो एवढ्या रबरावर, वळण घेतले जाते तेही यावरच. हे तळहात थांबलेले असतात तोवर डांबराचे खडे रबरात रुतलेले राहतात. सुकलेल्या चांगल्या रस्त्यावर ही पकड वजनाच्या सात ते आठ दशांश एवढा जोर पेलते. चाक जाम झाले की तळहात फरफटत जातो आणि पकड उतरते. त्याहून वाईट म्हणजे तिला दिशाच उरत नाही. फिरणारे चाक आडवे सरकायला विरोध करते, जाम चाक कुठेही सरकते. मागचे जाम झाले तर शेपूट झोकांड्या खाते आणि नशीब असेल तर सावरते. पुढचे जाम झाले तर सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. बातमीतला ‘ताबा’ तो इथे सुटतो.

एक बारकावा इथे सांगायला हवा, नाहीतर जाणकार हटकतील. जोरात ब्रेक लावताना रबर ताणले जाते आणि टायर किंचित घसरतोच. चाकाचा वेग गाडीपेक्षा दहा ते वीस टक्के कमी असतो तेव्हा पकड सर्वांत जास्त मिळते. त्यापुढे ती ढासळते. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, याच काठावर काम करते. चाकाजवळच्या छिद्रांच्या चकतीवरून सेन्सर चाकाचा वेग मोजतो, चाक थांबायला लागले की ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हा देतो, सेकंदात अनेकदा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाक्यांना ते बंधनकारक आहे. पण बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते, हे चालवणाऱ्याला माहीत नसते. ती चकती चिखलाने भरली किंवा सेन्सरची वायर तुटली तर मीटरवरचा दिवा गाडी चालू लागल्यावरही विझत नाही. असा दिवा घेऊन महिनोन्‌महिने फिरणारी गाडी म्हणजे एबीएस नसलेली गाडी.

वेगात मजा आहे, हे आम्हाला मान्य आहे. गाडी वळणात कलते तेव्हा अंगातून जे सरसरत जाते ते खरे आहे आणि ज्याला ते कळते त्याला आम्ही वाईट मुलगा समजत नाही. पण एकसारखा वेग शरीराला कळतच नाही. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वेगातला बदल टिपते, वेग नाही. राहिले डोळे आणि वारा. नव्या चौपदरी महामार्गावर झाडे लांब, रस्ता रुंद, खड्डा नाही. पाच-दहा मिनिटांत ८० चे ५० वाटू लागतात आणि मनगट आपोआप पिळले जाते. म्हणून मीटर बघावा. अशा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीची मर्यादा ८० आहे, शहरात ६०, आणि फलक याहून कमी सांगत असेल तर फलक खरा.

आता आमचा मुख्य आकडा. समोर ट्रॉली आडवी आली. दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरू, रस्ता कोरडा, दोन्ही ब्रेक नीट. ६० च्या वेगात गाडी साधारण ३७ मीटरवर थांबते. ८० ला ५८ मीटर लागतात आणि १०० ला ८४. पण हे वाचून धोका कळत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने बघा. ६० वाला जिथे थांबला, नेमक्या त्याच जागी ८० वाला अजून ६१ च्या वेगात असतो. आणि १०० वाला? तो ९१ च्या वेगात असतो. पहिले २८ मीटर त्याचे ब्रेकला हात जाईपर्यंतच गेलेले असतात. ट्रॉलीला तो जवळजवळ पुऱ्या वेगाने धडकतो. बघणारे म्हणतात, ‘त्याने ब्रेकच मारला नाही.’ त्याने मारलेला असतो.

खान्देशात अजून एक समज घट्ट आहे की पुढचा ब्रेक लावला की माणूस पडतो, म्हणून मागचाच दाबायचा. ब्रेक लागताना वजन पुढे झुकते. जोरात ब्रेक लावला तर साधारण पाचातले चार भाग वजन पुढच्या चाकावर जाते आणि मागचे हलके होऊन लगेच जाम होते. नुसत्या मागच्या ब्रेकने ६० वरून थांबायला वीस मीटरऐवजी पन्नासच्या आसपास लागतात. पुढचा ब्रेक झटक्याने ओढला तर पडायला होते, हे खरे आहे, कारण टायरवर वजन यायच्या आधीच चाक जाम होते. आधी हलका दाब, पुढचे शॉकअप दबले असे जाणवले की मग जोर. मोकळ्या, स्वच्छ मैदानात किंवा रिकाम्या डांबरावर हेल्मेट, बूट, हातमोजे घालून ३० च्या वेगाने सुरुवात करावी, गाडी सरळ ठेवून दहा वेळा थांबवावी, मग ४०, मग ५०. नजर चाकाकडे नको, लांब समोर हवी.

वळणाचे गणित वेगळे नाही. ५० मीटर त्रिज्येचे वळण ६० ने घेताना गाडी ३० अंश कलावी लागते. ८० ला ४५ अंश, आणि १०० ला ५७ अंशांहून जास्त, आणि हे दोन्ही कोन साध्या टायरला साध्या रस्त्यावर पेलणारच नाहीत. शिवाय पकड एकच असते. ती वळणासाठी पूर्ण वापरली तर ब्रेकसाठी काही शिल्लक राहत नाही. म्हणून कोंडाईबारी असो की तोरणमाळ, ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना लावायचा. उतारावर खालचा गियर ठेवावा. सारखा ब्रेक दाबून डिस्क तापली की ब्रेक ऑइल उकळते आणि लिव्हर मऊ पडतो. हे ऑइल हवेतले पाणी ओढते, त्यामुळे दर दोन वर्षांनी बदललेच पाहिजे, रंग ठीक दिसला तरी.

टायरची हवा सकाळी गार टायरवर मोजावी. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात २५ अंशांना भरलेली २९ ची हवा टायर ६५ अंशांवर तापला की ३५ दाखवते. ती जास्त समजून काढून टाकली तर दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर धावतो, कडा वाकतात, आतून तापतो आणि फुटतो. गोटा झालेला टायर कोरड्यात चालून जातो म्हणून लोक तो वापरत राहतात. पाण्यात मात्र खाचा नसल्या की पाणी बाहेर निघायला जागा नसते. चेन साधारण २५ ते ३० मिलिमीटर खालीवर हलावी. नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तकात असतो. ढिली चेन उतरून स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे तिच्या दातेरी चकतीत, अडकली तर मागचे चाक ब्रेक न लावताही जाम होते.

ट्रकच्या जोडटायरमधून सुटणारा खडाही याच कोड्यातला. चाकाच्या तळाजवळून सुटलेला खडा रस्त्याच्या मानाने हवेत जवळजवळ थांबलेला असतो. मागून ८० ने येणारा त्यावर ८० ने आपटतो. हेल्मेटची काच खाली ठेवा आणि ट्रकच्या मागे चिकटू नका.

आता मागणे. पहिले आपल्याकडे. अपघाताच्या बातमीत ‘ताबा सुटला’च्या जागी टायर गोटा होता का, रस्त्यावर काय पडले होते, घसटीची खूण किती लांब होती, हेल्मेट होते का, एवढे छापावे. पंचनाम्याच्या वेळी हे विचारता येते. दुसरे परिवहन विभागाकडे. लायसन्सच्या परीक्षेत ‘आठ’ काढून घेतात, तसेच ४० च्या वेगावरून सरळ रेषेत थांबवूनही घ्यावे. तिसरे रस्त्याची देखभाल करणाऱ्यांकडे. शेतातून निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि पहिल्या पावसात तिचा साबण होतो. ऊस-कापसाच्या हंगामात रात्री ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात. वळणाच्या आतल्या कडेला डागडुजीची बारीक कच महिनोन्‌महिने पडून राहते, आणि दुचाकी कलते ती नेमकी तिथेच. एका वळणावरची कच काढायला दोन माणसे, दोन खराटे आणि अर्धा तास लागतो. पावसाळ्याआधी निदान कोंडाईबारी, लळिंग आणि कन्नड या घाटांतली वळणे झाडून घ्यावीत.

आपले,
दुचाकी दुरुस्त करणारे व विज्ञान शिकवणारे काही वाचक,
जळगाव