'आजोबांच्या जमान्यातलं इंजिन' म्हणण्याआधी ते उघडून तरी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नॅसकारवरचा, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींवरचा लेख काल वाचला आणि रात्रभर डोक्यात घोळत राहिला. म्हणून आज कामावर जायच्या आधीच लिहायला बसलो आहे.

आधी छायाचित्राबद्दल. लेख रस्त्यावरच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या स्टॉक कारच्या शर्यतींवर, आणि वर चार कॉलमांत छापलेली गाडी उघड्या चाकांची, म्हणजे इंडीकारची. खासबाग मैदानातल्या कुस्तीच्या बातमीवर आपण कबड्डीचा फोटो छापला असता तर कोल्हापुरातून दिवसभर फोन आले असते. इथे एकही आला नसेल, म्हणून हे पत्र.

आता मजकूर. लेखक म्हणतात की ही मंडळी अजून कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल मिसळणारा जुना भाग, वापरतात. नाही वापरत. २०११चा मोसम संपला तसा कप या नॅसकारच्या मुख्य मालिकेतून कार्ब्युरेटर गेला, आणि २०१२च्या डेटोना ५०० शर्यतीपासून फ्युएल इंजेक्शन आलं. शिशाचं पेट्रोल त्याआधीच गेलं होतं, आणि २०११पासून १५ टक्के इथेनॉल मिसळलेलं इंधन आहे. २०२२च्या नव्या गाडीत मागचं सस्पेन्शन स्वतंत्र झालं, चाकाला पाच नटांच्या जागी मधोमध एकच नट आला, चार गिअरांच्या जुन्या पेटीऐवजी पाच गिअरांची सिक्वेन्शियल पेटी आली. 'सत्तर वर्षांत काहीच बदललेलं नाही' हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाने गेल्या पंधरा वर्षांत एकही शर्यत पाहिलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मला खरं लागलं ते दुसरं वाक्य: 'आजोबांच्या जमान्यातलं पुशरॉडचं इंजिन मोडीत काढा आणि विजेवर या.' (पुशरॉड म्हणजे खालच्या कॅमशाफ्टचा धक्का वरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारी दांडी.)

मी अमेरिकेत शार्लटजवळ कॉन्कॉर्डला गेली पंचवीस-सव्वीस वर्षं राहतो. मशीन शॉपमध्ये काम करतो. मूळचा कोल्हापूरचा. माझे वडील शिवाजी उद्यमनगरात आयुष्यभर कॅमशाफ्ट ग्राइंडिंग करत होते. पंचगंगेच्या काठच्या उसाला पाणी पाजणाऱ्या ऑइल इंजिनांचे कॅम. २००९ साली ते पहिल्यांदा आणि शेवटचं इकडे आले. महिनाभर राहिले. धबधबे दाखवले, उंच इमारती दाखवल्या, पण त्यांचं लक्ष कशातच लागेना. म्हणून एका शनिवारी ओळखीच्या इंजिन शॉपमध्ये घेऊन गेलो. तिथे शर्यतीहून परत आलेलं एक व्ही-एट इंजिन खोलून टेबलावर मांडलेलं होतं. सोळा व्हॉल्व्ह, सोळा रॉकर, सोळा पुशरॉड, ओळीने.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. तिथला इंजिन बांधणारा साठीचा माणूस, त्याला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. बाबांनी एक पुशरॉड उचलला, काचेच्या टेबलावर लोळवून तो सरळ आहे का बघितलं, आणि मला म्हणाले, "अरं, ह्ये तर आपलंच हाय की!" मग कॅम आणि पुशरॉड यांच्या मधलं टॅपेट उचललं. तेव्हा नियमाने चपटेच टॅपेट लागायचे, रोलर २०१५ला आले. बाबांनी त्याच्या बुडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "मिनटाला फेरं किती मारतंय?" मी सांगितलं, नऊ हजाराच्या वर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थापा मारतोय. आमची ऑइल इंजिनं पंधराशेवर चालतात.

मग त्या माणसाने खिशातून फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, काढला. बाबा हसले. दोघांनी मिळून रॉकरखाली पट्टी सरकवून पाहिली, एकाने मान डोलावली, दुसऱ्याने डोलावली. पाऊण तास मला कुणी काही विचारलं नाही. निघताना त्या माणसाने वापरातून काढलेला एक पुशरॉड बाबांना दिला. तो उद्यमनगरातल्या आमच्या शॉपमध्ये देवाच्या फोटोशेजारी होता. बाबा गेल्यावर मी तो परत इकडे आणला.

संपादक महोदय, नऊ हजार फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचाहत्तर वेळा उघडतो आणि मिटतो. मध्ये टॅपेट, लांबलचक पुशरॉड, रॉकर, स्प्रिंग. यातली एक गोष्ट जरा लवली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो. आणि ३५८ घनइंचांचं, म्हणजे पावणेसहा लिटरच्या वरचं हे इंजिन शार्लटच्या कोका-कोला ६००मध्ये ६०० मैल, म्हणजे ९६५ किलोमीटर, बहुतेक वेळ त्याच वेगाने फिरत राहतं. दीड मैलाच्या चारशे फेऱ्या. हे जुनाट नाही. जुन्या रचनेतून इतकं काढून घेणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

ओव्हरहेड कॅम, म्हणजे पुशरॉडशिवाय व्हॉल्व्हच्या वरच बसणारा कॅम, इकडे कुणाला माहीत नव्हता असंही नाही. फोर्डने १९६४ साली ४२७ घनइंचांचं ओव्हरहेड कॅमचं इंजिन बनवलं होतं, नॅसकारने ते घेतलं नाही. क्रायस्लरच्या हेमी इंजिनावर १९६५च्या मोसमासाठी बंधन आलं तेव्हा कंपनीने बहिष्कार टाकला आणि रिचर्ड पेटीसारखा चालक त्या वर्षाचा मोठा भाग ड्रॅग रेसिंग करत बसला. म्हणजे हा वाद साठ वर्षांचा आहे. लेखकांनी तो काल उकरून काढला असं वाटावं अशी मांडणी आहे.

आणि ताकदीचं म्हणाल, तर ती कमी पडते म्हणून नवं इंजिन हवं, हा मुद्दाच टिकत नाही. २०१४पर्यंत हीच इंजिनं साडेआठशेच्या आसपास अश्वशक्ती देत होती. पुढच्या वर्षी हवेच्या वाटेत निमुळत्या भोकाची चकती बसवून ती सव्वासातशेवर आणली. २०२२पासून बहुतेक ट्रॅकवर ६७०, आणि डेटोना आणि टालाडेगा या अतिवेगवान ट्रॅकवर ५१०. आता २०२६च्या मोसमात दीड मैलाहून लहान ट्रॅकवर पुन्हा ७५० केली आहे. गळा आवळण्याची ही कल्पना १९८७च्या टालाडेगापासून आली. बॉबी ॲलिसनचं टायर फुटलं, गाडी उडून प्रेक्षकांसमोरच्या कुंपणाला भिडली, लोक जखमी झाले. १९८८पासून डेटोना आणि टालाडेगाला रिस्ट्रिक्टर प्लेट, म्हणजे हवा अडवणारी चकती, लागली. इंजिन कितीही आधुनिक आणा, त्याच्या तोंडावर चकती बसणारच.

नियम बदलायलाच हवेत, यावर माझं आणि लेखकांचं भांडण नाही. कुठले, यावर आहे. १८ फेब्रुवारी २००१चा दिवस मी विसरू शकत नाही. मी इकडे नवखा होतो. आमच्या शॉपमधल्या एकाच्या घरी आठ-दहाजण डेटोना ५०० बघत होतो. शेवटच्या फेरीत, चौथ्या वळणावर सात वेळच्या विजेत्या डेल अर्नहार्टची काळी तीन नंबरची गाडी भिंतीला लागली. दिसायला साधी धडक. कुणी खुर्चीवरून उठलंसुद्धा नाही, सगळे कोण जिंकलं ते बघत होते. संध्याकाळी तो गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये फोरमनने सगळ्या मशिनी दहा मिनिटं बंद ठेवल्या. तसली शांतता मी त्या शॉपमध्ये पुन्हा कधी अनुभवली नाही.

त्याच्या आधीच्या साधारण नऊ महिन्यांत ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे चालकही ट्रॅकवरच्या धडकांत गेले होते. ॲडम अवघा १९ वर्षांचा, आणि तो आणि अर्विन एकाच ट्रॅकवर, न्यू हॅम्पशायरला, दोन महिन्यांच्या अंतराने. मान जागच्या जागी धरून ठेवणारं हान्स उपकरण तेव्हा बाजारात होतं. ऐच्छिक होतं. ते सक्तीचं व्हायला ऑक्टोबर २००१ उजाडलं. धडक शोषून घेणाऱ्या सेफर भिंती २००२पासून बसू लागल्या. त्यानंतर नॅसकारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत एकाही चालकाचा शर्यतीत मृत्यू झालेला नाही. आधुनिकीकरण म्हणजे हे. आणि याबद्दल आपल्या दीड पानी लेखात एक ओळ नाही!

२०२२च्या नव्या गाडीचंच घ्या. कागदावर अत्याधुनिक. पण मागचा भाग इतका ताठ बनला की धडकेचा सगळा दणका चालकाच्या अंगात जाऊ लागला. कर्ट बुश पोकोनोला पात्रता फेरीत मागून भिंतीला आदळला आणि त्याची कारकीर्दच संपली. ॲलेक्स बोमनला पाच शर्यती घरी बसावं लागलं. २०२३साठी मागची चौकट बदलावी लागली. नवं म्हणजे चांगलं असं धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावं. आणि एक सांगतो: त्या गाडीचे बहुतेक भाग आता ठरलेल्या पुरवठादाराकडून विकत घ्यावे लागतात. पूर्वी मुर्सव्हिलच्या भागात शेकडो हात चेसिसचे तुकडे वाकवत, जोडत होते. इंजिन हा एक मोठा भाग उरला आहे जो अजून माणसं आपल्या शॉपमध्ये घडवतात. तोही काढून घ्या म्हणणाऱ्याने निदान एकदा अशा शॉपमध्ये पाऊल ठेवावं.

विजेचं म्हणाल, तर नॅसकारने जुलै २०२४मध्ये शिकागोला विजेवरची गाडी दाखवली. तीन मोटारी, हजार किलोवॉट, बॅटरी ७८ किलोवॉट-तासांची. अर्धीच ताकद सतत लावली तरी दहा मिनिटांच्या आत बॅटरी रिकामी. कोका-कोला ६०० चार तास चालते. ती गाडी दाखवण्यापुरती होती आणि नॅसकारनेही तिला तसंच म्हटलं. तिचा आधार घेऊन 'उद्या सगळं विजेवर' असा निष्कर्ष काढणं हे वाचकांची दिशाभूल करणं आहे.

एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो लेखकांनी मांडला असता तर मी गप्प बसलो असतो. १९ जून १९४९ला शार्लटमध्ये पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत झाली तेव्हा ग्लेन डनावे पहिला आला, आणि मागच्या स्प्रिंगा बदलल्या म्हणून त्याला बाद करून जिम रोपरला विजेता ठरवलं. शोरूममधून निघालेली गाडीच पळवायची, असा तो नियम होता. आज टोयोटाची कॅमरी ट्रॅकवर पुशरॉडच्या व्ही-एटवर धावते, शोरूममधली कॅमरी २०२५पासून फक्त हायब्रिड मिळते. टोयोटाने तर रस्त्यावरच्या कुठल्याच गाडीत नसलेलं पुशरॉडचं व्ही-एट केवळ या शर्यतींसाठी घडवलं. कंपन्यांना उद्या यातून काय मिळणार, हा प्रश्न मलाही सतावतो. व्ही-एट ठेवून छोट्या ट्रॅकवर हायब्रिडची जोड देऊन पाहायला माझी हरकत नाही. आधी छोट्या ट्रॅकवर गाडीला गाडी ओलांडता येऊ द्या एवढंच. गेली चार वर्षं मार्टिन्सव्हिलला पुढच्याच्या मागे नुसती रांग लागते, प्रेक्षक त्यावर ओरडतात. इंजिन कुठल्या शतकातलं आहे यावर ओरडताना मी स्टँडमध्ये कुणाला ऐकलेलं नाही.

तेच विजेतेपदाचं. वर्षभर धावून शेवटच्या एका शर्यतीवर सगळं ठरवण्याची पद्धत २०१४पासून होती. गेल्या नोव्हेंबरात फिनिक्सला डेनी हॅमलिन विजेतेपदापासून दोन-तीन फेऱ्यांवर पोहोचला होता, तेवढ्यात सगळ्या गाड्यांचा वेग कमी करायला लावणारा पिवळा झेंडा आला आणि वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते विजेतेपद काइल लार्सनकडे गेलं. आमच्या शेजारचे ७८ वर्षांचे गृहस्थ टीव्ही बंद करून अंगणात जाऊन बसले. ही पद्धत आता रद्द झाली, शेवटच्या दहा शर्यतींच्या गुणांवर विजेता ठरवणारा 'चेस' परत आला. मोसमातला सगळ्यात मोठा बदल हा आहे. लेखात त्याचा उल्लेख नाही.

जाता जाता, गेल्या वर्षीही मी याच विषयावरची एक चूक कळवली होती. ते पत्र कापून चार ओळींत छापलं आणि कॉन्कॉर्डचं 'कॅनडा' केलं. परदेशातला वाचक तुमचा अंक पहाटे उठून उघडतो, कारण गावाशी तेवढाच धागा उरलेला असतो. त्याच्या पत्राला एवढी तरी काळजी मिळावी.

या वेळी कापायचंच असेल तर माझी मतं कापा. कार्ब्युरेटरची दुरुस्ती आणि छायाचित्राची दुरुस्ती मात्र छापा. सोबत एक फोटो पाठवत आहे. कोल्हापूरच्या शॉपमध्ये बाबांच्या हातात तो पुशरॉड आहे. त्या उघड्या चाकांच्या गाडीपेक्षा या विषयाशी त्याचा जास्त संबंध आहे. बाबांचं नाव नको, 'उद्यमनगरातले एक ग्राइंडर' एवढं लिहिलं तरी चालेल.

आपला,
एक वाचक
कॉन्कॉर्ड, नॉर्थ कॅरोलिना, अमेरिका
(मूळ गाव कोल्हापूर)